घरी भाजलेली कॉफी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमात मी चार शब्द बोलावे असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मला हसूच आले. आजवर ह्या मंडळात मी सतरंज्या घातल्या, पोह्यांचे पातेले उतरवले, रांगोळीला हात लावला. परंतु बोलावयास कधी उभी राहिले नव्हते. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझ्याकडे जी कॉफी झाली ती पुष्कळजणींना आवडली आणि जी ती विचारू लागली, "कोणत्या कंपनीची हो?" ती कोणत्याच कंपनीची नव्हती. कच्चे बी आणून घरच्या कढईत भाजलेली होती. तेव्हा तीच हकीकत सांगा, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. भाषण म्हणून नव्हे, ओट्यावर बसून बोलावे तसे मी बोलणार आहे. चूकभूल पदरात घ्यावी.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे सगळा कारभार चहाचा. सकाळी चहा, दुपारी चहा, पाहुणा आला की चहा. कॉफी म्हणजे मुलाची परीक्षा असली, नाहीतर कोणाचे डोके दुखले तर आठवायची. माझ्याही घरी झटपट कॉफीची एक बाटली फळीवर असे आणि पावसाळ्यात तिचा दगड होऊन बसे. चमच्याने खरवडून ती दुधात टाकायची, ह्यालाच मी कॉफी समजत होते.

आमच्या शेजारी एक तेलुगू कुटुंब राहते. बल्लारशाच्या रेल्वेमुळे ही मंडळी इकडे आली आणि इकडचीच झाली. त्या घरच्या बाईंना आम्ही सगळ्या अक्का म्हणतो. त्यांच्याकडे रोज सकाळी पितळी फिल्टरमधली कॉफी होते. वरच्या भांड्यात पूड, तिच्यावर उकळते पाणी, आणि खालच्या भांड्यात थेंब थेंब काळा अर्क उतरतो. त्याला त्या डिकॉक्शन म्हणतात. एकदा त्यांची गावाकडची पूड संपली म्हणून मी मोठ्या उत्साहाने दुकानातून एक पुडा नेऊन दिला. अक्कांनी तो उलटा केला, चष्मा लावला आणि बोट ठेवून मला दाखविले. बारीक अक्षरात लिहिले होते : कॉफी ५३ टक्के, चिकोरी ४७ टक्के.

मैत्रिणींनो, मी सातवी शिकलेली आहे. मला वाचता येत नाही असे नाही. पण पुड्याच्या मागचेही वाचावयाचे असते हे मला कोणी सांगितले नव्हते. चिकोरी म्हणजे एका झाडाचे मूळ. ते वाळवून, भाजून, दळून कॉफीत मिसळतात. त्यात विष काही नाही. अर्क दाट होतो, रंग गडद येतो, आणि दक्षिणेकडच्या कित्येक घरांना तीच चव आवडते. सरकारी नियमही असा की अशा मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के पाहिजे आणि दोन्हींचे प्रमाण पुड्यावर छापलेले पाहिजे. म्हणजे फसवणूक कोणी केली नव्हती. मीच कधी वाचले नव्हते. निम्म्या मुळाला इतकी वर्षे मी कॉफी म्हणत आले होते.

पुढे अक्कांचा भाऊ विशाखापट्टणमकडून आला, तेव्हा त्याने अराकूच्या कॉफीचे कच्चे बी आणले. अक्कांनी त्यातले पावशेर मला दिले. ते बी पाहून माझा विश्वासच बसेना. फिकट हिरवे, एका बाजूने सपाट, मध्ये चीर, आणि वास म्हणाल तर वाळल्या गवताचा. कॉफीचा मुळी वासच नाही! तेव्हा मला कळले की कॉफीला कॉफी करते ती कढई.

हे बी येते कोठून तेही थोडक्यात सांगते. कॉफीचे झुडूप असते. त्याला बोराएवढी लालभडक फळे धरतात आणि एकेका फळात बहुधा दोन बिया समोरासमोर असतात. बाबा बुदन नावाच्या फकिराने अरबस्तानातल्या मोखाहून सात बिया आणून कर्नाटकातल्या चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी सतराव्या शतकातली कथा सांगतात. अराकूचे खोरे आंध्रच्या पूर्वघाटात आहे. तेथे सुमारे हजार मीटर उंचीवर आदिवासी कुटुंबे आपापल्या लहानशा तुकड्यात, उंच झाडांच्या सावलीत ही झुडपे वाढवतात आणि त्याच झाडांवर मिऱ्याचे वेल चढवतात. २०१९ साली ह्या अराकूच्या कॉफीला भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या शेजारच्या बस्तरात दरभा येथेही २०१७ पासून कॉफीची लागवड सुरू झाली आहे. आणि लांब कशाला, आपल्या विदर्भात मेळघाटातल्या चिखलदऱ्याला ब्रिटिशांच्या काळापासून कॉफी आहे.

मग आपल्याकडे का नाही, असे एका मैत्रिणीने मला विचारले. कारण सोपे आहे. चांगल्या कॉफीला डोंगराची उंची आणि गारवा लागतो. आपले चंद्रपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो. कुंडीत हौस म्हणून रोप लावाल तर लावा, पण पिकाची आशा धरू नका. पीक दुसऱ्यांनी करावे आणि भाजण्याचे काम आपण करावे, हे बरे.

आता माझी फजिती ऐका. त्या पावशेरातले निम्मे बी मी मोठ्या गॅसवर कढईत घातले आणि शेंगदाणे भाजतो तसे भाजू लागले. मध्येच दाराशी कोणी आले म्हणून मी गेले आणि दोन मिनिटे बोलत उभी राहिले. परत येते तो स्वयंपाकघरात धूर! सासूबाई खोकत बाहेर आल्या, शेजारची मुले धावत आली, आणि आमच्या घरचे म्हणाले, "आता अग्निशामक दलालाही कॉफी पाजा." बियांचा कोळसा झाला होता. वरून काळ्या आणि फोडून पाहिल्या तर आत कच्च्या. अक्कांना तोंड कसे दाखवावे ह्याची मला लाज वाटली. उरलेले बी मी डब्यात बंद करून ठेवले आणि तो नाद सोडला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी माझी आई आली. माझे माहेर आरमोरीकडचे. आई आता सत्तरीच्या घरात आहे. तिने तो डबा उघडून पाहिला आणि सगळी हकीकत ऐकून घेतली. मग म्हणाली, "बी हाय ना? त मंग भाजता येतेच." तिने माझी बिडाची जुनी कढई काढली, गॅस मध्यम केला, दोन मुठी बी घातले आणि झारा हाती घेतला. त्यानंतर तिने दाराकडे पाहिले नाही की माझ्याशी बोलली नाही. बी पिवळे झाले, मग तांबूस झाले, वास बदलला. थोड्या वेळाने कढईत तडतड सुरू झाली. लाह्या फुटतात तशी, पण दबकी. आई कान देऊन होती. ती तडतड सरत आली तशी म्हणाली, "उतरव आता." मी कढई उतरवली. तिने बी सुपात ओतले, अंगणात नेऊन पाखडले, वरची साल भुर्रकन उडाली. सुपात दालचिनीहून थोड्या गडद रंगाचे एकसारखे बी राहिले. आईने जन्मात कॉफीचे बी पाहिले नव्हते.

ती हे कोठे शिकली होती ते मला ठाऊक होते, आणि ते आठवून माझी मान खाली गेली. ती गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती, ती आज सांगते.

आपल्याकडे पावसाळ्यात तरोटा उगवतो. कोवळी पाने आपण भाजीला खुडतो. दिवाळीच्या सुमारास शेंगा वाळल्या म्हणजे बी झोडून आठवडी बाजारात विकतात. आमच्या लहानपणी घरात चहापत्ती नसली म्हणजे आई त्याच बियांतले थोडे कढईत तडतडेपर्यंत भाजायची, कुटायची आणि गुळाच्या पाण्यात उकळून आम्हांला द्यायची. तिला ती तरोट्याची कापी म्हणायची. थंडीत आम्ही ती चुलीपाशी बसून आवडीने प्यायचो.

मी अकरा-बारा वर्षांची असताना थोरल्या बहिणीला पाहावयास चंद्रपूरहून पाहुणे आले. त्या दिवशी चहापत्ती नव्हती आणि उसनी आणावयास वेळ नव्हता. आईने स्वच्छ कपांतून तरोट्याची कापी आणली. एक पाहुणी म्हणाली, "अरे वा, तुमच्याकडे कॉफी!" आई काही बोलण्याच्या आत मी पचकले, "कॉफी नाही काही, तरोटा आहे तो!" पाहुणे हसले. वाईट बुद्धीने नसतील हसले. कपही त्यांनी रिकामे केले. लग्नही पुढे दुसरीकडे चांगले जमले. पण आईने त्या दिवसानंतर तरोट्याची कापी पुन्हा केली नाही. मला कोणी रागावले नाही, आणि म्हणूनच ते माझ्या मनात राहिले.

सुपातले बी निवत होते तेव्हा मी धीर करून आईला म्हटले, "तेव्हा मी असे बोलावयास नको होते." तिला वाटले मी काय म्हणते आहे. मग आठवले. ती म्हणाली, "तू का लबाड बोललीस व? तरोटाच त होता." आणि जराशाने म्हणाली, "मीबी कॉफी हाय म्हणून कुठं देल्ली होती."

मैत्रिणींनो, मी रात्रभर त्यावर विचार केला. आईने तरोट्याला तरोटाच म्हटले होते. लाज वाटावी असे त्यात काय होते? आणि इतकी वर्षे छापील पुड्यातली निम्मी चिकोरी मी पाहुण्यांना कॉफी म्हणून मिरवीत देत होते, त्याची मला कधी लाज वाटली नाही. वस्तू कोणती हे माहीत असावे आणि तिचे नाव सरळ सांगावे, एवढेच आई मला शिकवून गेली. बाकी सगळे भाजण्याचे कसब आहे, ते कोणालाही येईल.

तेच आता क्रमाने सांगते. ज्यांना लिहून घ्यावयाचे असेल त्यांनी घ्यावे.

बी निवडून घ्यावे. काळे पडलेले, बुरशीचे, भोक पडलेले काढून टाकावे. धुऊ नये. एका वेळी शंभर ते दीडशे ग्रॅमच घ्यावे, जास्त घेतले तर सारखे भाजत नाही. कढई जाड बुडाची असावी. खिडक्या उघड्या ठेवाव्या, कारण शेवटी धूर होतोच. मध्यम आचेवर सारखे हलवीत राहावे. प्रथम बी पिवळे होते आणि गवताचा वास जाऊन पोळी भाजल्यासारखा वास येतो. मग ते तांबूस होते आणि फुगू लागते. दहा-बारा मिनिटांनी पहिली तडतड ऐकू येते. बीच्या आतली वाफ बाहेर पडू पाहते म्हणून ते फुटते. ही तडतड सरत आली म्हणजे मध्यम भाजणी झाली. तशीच ठेवली तर थोड्या वेळाने दुसरी, बारीक तडतड सुरू होते, बीवर तेल दिसू लागते आणि चव कडू होत जाते. कडक कॉफी आवडत असेल त्यांनी दुसरीच्या सुरुवातीला उतरवावी. त्यापुढे मात्र कोळसा, हे मी अनुभवाने सांगते.

उतरवल्यावर बी कढईत ठेवू नये, ते आतल्या आत भाजत राहते. सुपात किंवा परातीत पसरून लगेच गार करावे आणि पाखडून साल काढावी. अडीचशे ग्रॅम कच्च्या बीचे माझ्याकडे सुमारे दोनशे दहा ग्रॅम भरते. जाते ते पाणी आणि साल, तेव्हा कोणी चोरले असे समजू नका.

भाजल्या भाजल्या कॉफी करण्याची घाई करू नये. ताज्या बीमधून दिवसभर वायू निघत असतो. झाकण जरा सैल ठेवून एक दिवस थांबावे, मग घट्ट लावावे. भाजलेले बी दोन-तीन आठवडे चांगले राहते. पूड मात्र लवकर उतरते, म्हणून रोजच्यापुरतीच मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवावी. कच्चे बी कोरडे ठेवले तर कित्येक महिने टिकते. आपल्याकडच्या पावसाळ्यात तेवढे ओलीपासून जपावे.

फिल्टर असल्यास तीन मोठे चमचे पूड हलकी दाबून तिच्यावर कपभर उकळते पाणी घालावे आणि अर्धा तास थांबावे. चिकोरी नसल्याने अर्क पातळ दिसतो, तरी घाबरू नये. फिल्टर नसल्यास झाकून ठेवलेल्या भांड्यात पाच मिनिटे मुरवून स्वच्छ फडक्याने गाळावे. दूध गरम घालावे. गूळ घालणार असाल तर तो गॅस बंद केल्यावर घालावा, नाहीतर दूध फाटते.

आता सेंद्रिय कॉफीविषयी. हा शब्द हल्ली प्रत्येक पुड्यावर असतो. रासायनिक खत आणि फवारणी न करता पिकवलेले ते सेंद्रिय, इतके आपण जाणतो. परंतु कोणी नुसते म्हटले म्हणून ते होत नाही. २००१ पासून आपल्या देशात त्याच्या प्रमाणपत्राची सरकारी पद्धत आहे, आणि लहान शेतकऱ्यांच्या गटांनी एकमेकांची शेते तपासून द्यावयाचीही एक सोय आहे. पुड्यावर सेंद्रिय प्रमाणपत्राचे चिन्ह पाहावे. अराकूकडचे पुष्कळ शेतकरी ह्या पद्धतीने कॉफी करतात. आपण दोन पैसे जास्त देतो तेव्हा जंगलाच्या कडेला राहणाऱ्या, आपल्याच माहेरच्या माणसांसारख्या कुटुंबाचा तो माल आहे, हे लक्षात असावे. पण सेंद्रिय म्हणजे औषध नव्हे. झोप उडवणारा अंश तिच्यातही तेवढाच असतो. म्हणून संध्याकाळनंतर नको, आणि गरोदर बाईने डॉक्टरांना विचारून बेतानेच घ्यावी. आणखी एक सांगते. चहा काय, कॉफी काय, जेवणाबरोबर घेतली तर अन्नातले लोह अंगी लागत नाही. आपल्याकडे रक्त कमी असलेल्या बाया पुष्कळ, तेव्हा जेवण आणि कॉफी ह्यांत तासाभराचे अंतर ठेवा.

तरोट्याची कापी करून पाहण्याचे कोणाच्या मनात आले असेल तर तिच्यासाठीही सूचना. तिच्यात झोप उडवणारे काही नाही, पण जास्त घेतली तर पोट ढिले होते. आणि बी ओळखीच्या माणसाकडूनच घ्यावे. तरोट्यासारखाच दिसणारा कासविंदा रानात असतो. तरोट्याची पाने टोकाला गोल, शेंग लांब बारीक. कासविंद्याची पाने टोकदार, शेंग चपटी. उत्तर प्रदेशात कासविंद्याचे बी खाऊन लहान मुले दगावली होती, असे तिकडच्या डॉक्टरांनी शोधून काढले आहे. मुलांना ते ओळखावयास शिकवा.

संक्रांतीला माझ्याकडे दोन किटल्या होत्या हे आपणांपैकी काहींना आठवत असेल. एकीवर मी कागद लावला होता, "अराकूची कॉफी, घरी भाजलेली". दुसरीवर "तरोट्याची कापी". दुसरीतली फक्त सातजणींनी घेतली. पण त्या दोन्ही आईनेच भाजल्या होत्या, आणि तरोट्याचा पहिला कप मी सगळ्यांसमोर मागून घेतला. आई आत स्वयंपाकघरात होती. तिने ऐकले.

पुढच्या वर्षी मंडळाची सहल चिखलदऱ्याला न्यावी अशी माझी सूचना आहे. कॉफीचे झुडूप कसे असते ते एकदा सगळ्यांनी मिळून पाहू. तोवर ज्यांना भाजणी शिकावयाची असेल त्यांनी कोणत्याही दुपारी माझ्याकडे यावे. कढई माझी, बी आपापले आणावे, आणि भाजताना दाराशी कोणीही आले तरी उठू नये.